जुन्या वास्तूला नव्या खिडक्या

सांगलीच्या गावभागात हळदीची अडत चालविणाऱ्या एका कुटुंबाची दुमजली वास्तू आहे. खाली काळ्या दगडाचे जोते, त्यावर चुन्याचा गिलावा केलेली विटांची भिंत आणि वर सागवानी तुळयांची माडी. पुढे पेढी, मागे कोठार, वर बिऱ्हाड. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा पेढीत पुरुषभर पाणी चढले आणि कित्येक दिवस उतरले नाही. जुलै 2021 मध्ये ते पुन्हा आले. दोन पुरांत तळमजल्याच्या पाच खिडक्यांची दशा झाली. चौकटींची खालची आडवी लाकडे फुगून कुजली, झडपा मिटेनाशा झाल्या, बिजागऱ्या गंजून हातात आल्या. माडीवरच्या सहा खिडक्या मात्र जशाच्या तशा राहिल्या.

पाच बदलायच्या की अकराच्या अकरा, हा पहिला प्रश्न होता. धाकट्या मुलाने ठेकेदाराकडून अकरा पांढऱ्या यूपीव्हीसी खिडक्यांचा भाव आणला. जुने लाकूड ठेकेदारच उचलून नेणार आणि त्याची किंमत बिलातून वळती करणार, असे त्यात होते. "अण्णा, पुन्हा पाणी आलं तर पुन्हा सुतारच बोलवायचा का? याला पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, रंग द्यावा लागत नाही," त्याचे म्हणणे. ते खोटे नव्हते. अण्णांना पांढरा रंग पसंत नव्हता. लाकडाच्या रेघा उमटविलेले ॲल्युमिनियम त्यांनी एका नातलगाच्या बंगल्यात पाहिले होते, ते त्यांच्या मनात होते. घरातील वडीलधाऱ्या आक्कांनी रंगाबद्दल काहीच विचारले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "गजांचं काय करणार?"

आक्कांचा प्रश्न वरवर साधा असला तरी त्यातून निर्णयाची दिशा बदलली. जुन्या खिडकीत चौकट, झडपा, उभे लोखंडी गज, कडी-कोयंडा आणि भिंतीची जाडी या साऱ्यांचे मिळून एक रूप असते. त्यातील एक वस्तू बदलली की दुसरीचे माप बिघडते. तीन-चार इंच रुंदीच्या सागवानी चौकटीच्या जागी दीड-दोन इंचांची धातूची पट्टी आली, दोन झडपांच्या जागी सरकते तावदान आले, तर कितीही विचारपूर्वक निवडलेला रंग ती उणीव भरून काढू शकत नाही. तरीही बहुतेक घरांत खिडकीचा रंग सर्वांत शेवटी ठरतो. माल ठरतो, भाव ठरतो, आगाऊ रक्कम दिली जाते आणि मग दुकानदार रंगांचा तक्ता पुढे करून "यातला कोणता?" असे विचारतो. तोवर ठरविण्यासारखे फारसे उरलेले नसते. कारण प्रत्येक मालाला आपला रंग असतो, आपली झिलई असते आणि ती म्हातारी होण्याची आपली रीतही असते.

ही रीत नीट समजून घेणे व्यापारी कुटुंबाला अवघड नाही. माल घेताना तो आज कसा दिसतो याबरोबरच दहा वर्षांनी तो कोणत्या भावाने निघेल, हेही पाहिले जाते. तीच नजर येथे हवी.

यूपीव्हीसीचा पांढरा रंग वरून लावलेला नसतो, तो अंगचाच असतो. म्हणून तो सोलत नाही. पण तो रंग एकच. गडद रंग वा लाकडाचा आभास हवा असेल तर वरून पातळ पत्रा चिकटवावा लागतो. प्लॅस्टिक उन्हाने पुष्कळ वाढते. दीड मीटर लांबीची पट्टी 30 अंशांनी तापली तर ती सुमारे तीन मिलिमीटर लांबते. तेवढेच ॲल्युमिनियम सुमारे एक मिलिमीटर. गडद पृष्ठभाग उन्हात अधिक तापतो, हे उघडच आहे. पश्चिमेच्या भिंतीवर गडद यूपीव्हीसी बसविणाऱ्याने आतील लोखंडी कांबीची जाडी आणि चौकटीभोवती सोडलेली फट या दोन गोष्टी आधी विचाराव्यात; रंगाचे नंतर.

ॲल्युमिनियमला दोन प्रकारांनी रूप देतात. ॲनोडायझिंगमध्ये धातूच्याच पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा कठीण थर वाढवितात. तो सोलत नाही. पण त्याचे रंग मोजके असतात आणि ओल्या चुन्या-सिमेंटच्या शिंतोड्याने त्यावर कायमचा डाग पडतो. गिलाव्याचे काम चालू असताना बसविलेल्या आणि कागदी पट्टीने न झाकलेल्या कितीतरी नव्या खिडक्या पहिल्याच आठवड्यात डागाळतात, त्या यामुळेच. दुसरा प्रकार पावडर कोटिंगचा. रंगाची कोरडी भुकटी विजेच्या भाराने पट्टीवर बसवून 180 ते 200 अंशांच्या भट्टीत वितळवितात. थर साधारण 60 ते 80 मायक्रॉनांचा असतो. येथे रंगांना तोटा नाही. जर्मनीत 1927 साली अवघ्या 40 रंगांपासून सुरू झालेली आरएएल ही क्रमांकांची पद्धत आज आपल्याकडील कारखान्यांतही चालते. 9016 म्हटले की रस्त्यावरील पट्ट्यांचा झगझगीत पांढरा, 8017 म्हणजे चॉकलेटी, 8014 म्हणजे काळपट तपकिरी, 6005 म्हणजे गर्द शेवाळी. रंग तोंडी सांगण्यापेक्षा क्रमांक लिहून देण्यात मोठी सोय आहे. मात्र भट्टीतून निघालेला थर घरी दुरुस्त होत नाही. ओरखडा पडला की फवाऱ्याने वा ब्रशाने दिलेला डाग वेगळाच दिसतो. म्हणजे हा रंग एकदाच ठरतो आणि वीस-पंचवीस वर्षे भिंतीवर राहतो. तेव्हा तो फॅशनवर सोपविणे शहाणपणाचे नाही. हल्ली सगळीकडे दिसणारा राखाडी काळा, क्रमांक 7016, हा नव्या काँक्रीटच्या इमारतीला शोभतो; चुन्याच्या भिंतीवर तो परका वाटतो.

लाकडाचे गणित उलटे आहे. ते कायम सेवा मागते, पण सेवेच्या प्रत्येक वेळी निर्णय बदलण्याची मुभाही देते. यंदाचा हिरवा पुढे कधी तपकिरी करता येतो. चौकटीचा कुजलेला तुकडा कापून तेथे नवा सांधता येतो.

ठेकेदाराने नमुन्यादाखल दिलेला यूपीव्हीसीचा पांढरा तुकडा मुलाने दुपारी चार वाजता पुढच्या भिंतीला टेकवून धरला आणि तो स्वतःच गप्प झाला. तुकडा सुंदर होता. भिंत एकाएकी मळकी दिसू लागली. भिंत मळलेली नव्हती. चुन्याचा पांढरा हा किंचित पिवळसर, दुधाळ असतो. त्यात दगडाची करडी छटा आणि पावसाची वर्षे मिसळलेली असतात. त्याच्या शेजारी निळसर झाक असलेला कोरा पांढरा आला की डोळा त्यालाच पांढरा मानतो आणि भिंतीला दोषी ठरवितो. मग भिंतीलाही प्लॅस्टिक रंग द्यावा असे वाटू लागते. चुन्याच्या भिंतीला असा रंग दिला की आतील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते, पोपडे धरतात आणि एका खिडकीपायी खर्चाची साखळी सुरू होते. पुराचे पाणी दोनदा प्यालेल्या भिंतीला तर हे मुळीच मानवणारे नव्हते. जुन्या घरात पांढराच हवा असेल तर तो भिंतीपेक्षा एक पायरी उणा असावा. हस्तिदंती वा सायीच्या छटेचा.

दुसरी गोष्ट कुटुंबाच्या लक्षात आली ती समोरच्या घराच्या ओट्यावर उभे राहिल्यावर. दिवसा रस्त्यावरून पाहिले तर खिडकी हा एक काळोखा चौकोन दिसतो, कारण आतल्यापेक्षा बाहेर कितीतरी पट उजेड असतो. त्या काळोखात गडद चौकट मिसळून जाते. तिची जाडी, तिचे सांधे, तिचे नवेपण डोळ्यांत भरत नाही. फिकी चौकट त्याच काळोखावर रेघ ओढल्यासारखी उठते आणि तिचा प्रत्येक दोष दाखविते. म्हणून बदललेली खिडकी जुन्या घरात निमूटपणे सामावून जावी असे वाटत असेल तर बाहेरून गडद रंग सोयीचा. आतून नेमके उलटे. आतून पाहताना खिडकीमागे उजेड असतो. गडद चौकट त्यावर काळी कडक दिसते आणि डोळे दिपतात. भिंतीच्या जाडीचा आतला कोनाडा पांढरा ठेवला, तर उजेड त्यावरून परतून हळुवार होतो. जुन्या लोकांनी खिडकीच्या आतल्या बगला तिरप्या कापून त्यांना चुना दिला, त्यामागे हीच जाणीव असावी. लाकडी खिडकी बाहेरून एका आणि आतून दुसऱ्या रंगाची ठेवणे सहज साधते. धातूच्या खिडकीत ते खर्चाचे होते.

अण्णांच्या मनातील लाकडी रेघांचे ॲल्युमिनियम येथेच मागे पडले. दोष त्याच्या टिकाऊपणाचा नव्हता. नव्या बंगल्यात, जेथे खरे लाकूड शेजारी नसते, तेथे ते खपूनही जाते. परंतु माडीवर सहा खऱ्या सागवानी खिडक्या आणि खाली पाच छापील रेघांच्या, असा देखावा झाला असता. खऱ्या सागाचा रंग वर्षागणिक बदलतो, उन्हाच्या बाजूला फिका, वळचणीखाली गडद. छापलेली रेघ प्रत्येक पट्टीवर सारखीच पुन्हा पुन्हा येते आणि कोपऱ्यात जेथे लाकडाचा सांधा असतो तेथे ती नुसती तुटते. खऱ्याच्या शेजारी नकल उभी केली की नकलच बोलते. त्यापेक्षा धातूने धातूसारखेच, पण शांत रंगात दिसावे, हे बरे.

आता माडीवरच्या खिडक्या. त्यांवर चॉकलेटी तैलरंगाचे जाड पुट होते, ठिकठिकाणी तडकलेले. रंगाऱ्याने भट्टीच्या दिव्याने जाळून खरवडून काढू असे सुचविले. ते वेळीच थांबविले गेले, हे फार चांगले झाले. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आपल्या देशात 2016 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या थरांत शिसे असू शकते, असेच धरून चालले पाहिजे. असा रंग जाळला तर विषारी वाफ, कोरडा घासला तर विषारी धूळ. आणि खाली हळदीचे कोठार. लहान मुलांच्या मेंदूला शिशाचा अपाय सर्वांत अधिक होतो. रंग काढायचाच तर पाणी मारून, ओल्या काचकागदाने, तोंडावर चांगली पट्टी बांधून, खाली ताडपत्री अंथरून काढावा. मुले आणि गरोदर स्त्रिया त्या भागात फिरकू नयेत. निघालेला कचरा पिशवीत बांधून वेगळा द्यावा. झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. कोठारातील पोती त्या काळात दुसरीकडे हलवावी लागली. खर्च आणि खोळंबा झाला. पण खाद्यमालाच्या व्यापाऱ्याला येथे काटकसर करता येत नाही.

सगळा रंग काढण्याआधी सुताराने एक छोटे काम केले. झडपेच्या आतल्या, ऊन-पाऊस न लागणाऱ्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा ओल्या बारीक काचकागदाने हळूहळू, मध्यापासून बाहेर घासली. थर एकाभोवती एक वर्तुळांसारखे उघडे झाले. वरचा चॉकलेटी, त्याखाली आणखी एक चॉकलेटी, मग आकाशी निळा, मग गर्द बाटली हिरवा आणि सर्वांत खाली लाकडाच्या रेषांत मुरलेला गेरूसारखा तांबडा. आक्कांना चष्मा लावून दाखविले. निळा त्यांनी ओळखला. घरात पहिली वीज आली त्या सुमाराचा. हिरवा मात्र त्या लग्न होऊन आल्या तेव्हा भिंतीवर होता. "रस्त्यावरून घर ओळखायची खूण तीच सांगितली होती मला," त्या म्हणाल्या. "हिरव्या खिडक्यांची पेढी."

नव्या पिढीला वाटत होते की घराचा मूळ रंग चॉकलेटी. तो फक्त शेवटचा होता.

मात्र सर्वांत खालचा थर तोच खरा, असा हट्टही धरण्याचे कारण नाही. बहुधा गेरू हा अस्तराचा हात असतो. पुष्कळ घरांत पहिला रंग भडक निघतो आणि आजच्या भिंतीला तो साजत नाही. थर पाहावेत ते घराने आजवर काय काय पेलले आहे हे कळावे म्हणून. निवड मग मोकळेपणाने करावी. या घरात ती हिरव्यावर आली. दीड फूट लांबीच्या दोन फळ्यांवर दोन हात देऊन, एक हिरवी, एक काळपट तपकिरी, त्या सकाळी आणि संध्याकाळी भिंतीवर टांगून पाहिल्या गेल्या. शेड कार्डावरचा तुकडा बोटभर असतो आणि दुकानातील नळीच्या दिव्याखाली पाहिला जातो. उन्हात, मोठ्या क्षेत्रावर तोच रंग अधिक फिका आणि अधिक भडक दिसतो. म्हणून कार्डावर जो आवडला त्याहून एक घर गडद आणि एक घर मळका निवडावा, हा जुन्या रंगाऱ्यांचा शिरस्ता येथेही खरा ठरला.

झिलईचा प्रश्न रंगाइतकाच महत्त्वाचा, पण त्याकडे कोणी लक्ष देत नाही. पूर्ण चकाकीचा तैलरंग पाणी चांगले झटकतो, पुसायला सोपा. पण हाताने रंधलेल्या जुन्या लाकडाचा प्रत्येक उंचवटा तो उन्हात दाखवितो. पूर्ण निस्तेज रंगावर बाजारपेठेची धूळ बसते आणि पुसताना डाग उठतात. मधली, रेशमी झाक बाहेरच्या खिडकीला बहुधा योग्य. पावडर कोटिंगमध्येही मॅट आणि चकचकीत यांच्यामधला पर्याय मिळतो, मागितला तर.

लाकूड उघडे ठेवून पॉलिश करावे, अशी हौस पुष्कळांना असते. आतील दारांसाठी ती ठीक. बाहेरच्या खिडकीवर पारदर्शक झिलई फार काळ टिकत नाही, कारण ऊन तिच्यातून आरपार जाऊन खालच्या लाकडाचा पृष्ठभागच सैल करते. मग थर पापुद्र्यांनी निघतो आणि पुढच्या वेळी सगळाच खरवडावा लागतो. घरातील फर्निचरचे मेलामाइन तर बाहेर मुळीच चालत नाही. रंगाच्या अपारदर्शक भुकटीमुळे मात्र ऊन अडते, म्हणून रंगविलेली खिडकी पॉलिश केलेल्या खिडकीपेक्षा अधिक जगते. नुसते जवसाचे तेल दिले तर लाकूड देखणे दिसते, पण पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते आणि दरवर्षी तेल द्यावे लागते. या तेलाबाबत एक इशारा पेढीवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावा. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती वाळताना आपोआप तापतात आणि काडी न लावता पेटू शकतात. शेजारी गोणपाटाची पोती असतील तर काय होईल, ते सांगावयास नको. ती फडकी एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

पॉलिशच्या संदर्भात श्रावक घरांत आणखी एक विचार व्हावयास हवा आणि तो क्वचितच होतो. ज्याला आपण स्पिरिट पॉलिश वा फ्रेंच पॉलिश म्हणतो त्याचा आधार चपडी लाख. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेच्या किड्यांनी आपल्या रक्षणासाठी निर्मिलेले कवच; ते खरवडून काढताना असंख्य जीव जातात. श्रावकाचाराच्या ग्रंथांनी पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य घातले आहे, ते उगाच नव्हे. जो व्यापार आपल्या पूर्वजांनी वर्ज्य मानला तो माल आपल्या देवघराच्या दारावर मात्र चकाकत असतो, याची पुष्कळांना कल्पनाच नसते. योगायोग असा की बाहेरच्या खिडकीसाठी लाख तशीही कुचकामी आहे; पाणी लागताच ती पांढरी पडते. मेणाच्या पॉलिशमध्ये मधमाशीचे मेण असते. त्याऐवजी कार्नौबा हे ताडजातीच्या झाडाच्या पानांचे मेण मिळते. जुन्या सुतारकामातील सरस जनावरांच्या हाडा-कातड्याचा. आज कृत्रिम राळेचे गोंद सर्वत्र आहेत. आणि ज्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही तो रंगाऱ्याचा ब्रश. पारंपरिक चांगल्या ब्रशाचे केस डुकराचे असतात. नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंचे ब्रश बाजारात मिळतात आणि आजच्या रंगांवर उत्तम चालतात. गावभागातील त्या घरात रंगाऱ्याला हे ब्रश घरातूनच आणून दिले गेले. त्याने आधी कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी नाही.

मोडतोड सुरू होण्यापूर्वी वरच्या खिडक्यांच्या छज्ज्याआड चिमणीची दोन घरटी आणि एका चौकटीच्या भोकात गांधीलमाशीचे मातीचे घर सापडले. एका घरट्यात पिल्ले होती. त्या खिडकीचे काम तीन आठवडे मागे ढकलले. तोवर सुताराने इतर खिडक्या संपविल्या. कोणाचे काही अडले नाही.

कामाला हंगामही पाहावा लागतो. पुरात भिजलेले वा पावसाळ्यात फुगलेले लाकूड वरून कोरडे दिसले तरी आतून ओले असते. त्यावर रंग दिला की ओल आत कोंडते आणि पुढच्या उन्हाळ्यात फोड उठतात. चातुर्मास संपून थंडी सरेपर्यंत थांबावे, माघ-फाल्गुनात काम धरावे, हे उत्तम. आणि रंगाऱ्यावर एका ठिकाणी नजर ठेवावी. झडपेची खालची आणि वरची कड. त्या कडा डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून तेथे ब्रश फिरत नाही. पण लाकूड पाणी पिते ते तेथूनच, कारण तेथे त्याच्या उभ्या नळ्यांची तोंडे उघडी असतात. झडप बिजागरीवरून उतरवून या कडांना अस्तर आणि दोन हात देण्याचे काम पाऊण तासाचे आहे. बहुसंख्य लाकडी खिडक्या या पाऊण तासाअभावी कुजतात. चौकटीचा जो भाग भिंतीत जातो त्याला डांबर, आणि खालच्या लाकडाच्या बुडाशी पाणी तोडणारी बारीक खाच, या दोन जुन्या गोष्टीही सुताराकडून मागून घ्याव्यात.

घर महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर दर्शनी खिडक्यांना हात लावण्यापूर्वी परवानगी लागते. मुंबईत अशी नियमावली 1995 पासून आहे, पुण्यातही यादी आहे. आधी चौकशी करावी. बसविलेली खिडकी काढावी लागणे सर्वांत महाग.

शेवटी झाले ते असे. माडीवरच्या सहाही खिडक्या राहिल्या. गर्द हिरव्या, रेशमी झाकेच्या. तळमजल्याच्या पाचपैकी रस्त्याकडील दोन लाकडीच केल्या, पण नवे लाकूड फारसे घ्यावे लागले नाही. पाचही जुन्या चौकटींची वरची आणि उभी लाकडे खुटखुटीत होती. कापल्यावर आत तोच घट्ट, तेलकट गाभा निघाला, जो आज बाजारात तशा भावाने मिळणे कठीण. ठेकेदार जे भंगार म्हणून नेणार होता, त्यातूनच दोन चौकटी उभ्या राहिल्या. मागच्या कोठाराच्या तीन खिडक्यांबाबत धाकट्या मुलाचे म्हणणे मान्य झाले. पाणी पहिल्यांदा तेथेच शिरते आणि तेथे कोणी रस्त्यावरून पाहत नाही. तेथे ॲल्युमिनियम बसले. यूपीव्हीसी नाही, कारण भिंत पश्चिमेची आणि रंग गडद हवा होता. रंग 8014, मॅट. त्यांना कीटकजाळी लावली ती काळी. पांढरी जाळी उजेडात चमकून दृष्टी अडविते, काळी जवळजवळ दिसत नाही. आणि संध्याकाळी हिशेब चालू असता दिव्यावर येऊन पडणारे किडे बाहेरच राहतात.

गज घासून, गंज काढून, तांबड्या अस्तरावर काळा रंग देऊन पुन्हा बसविले. वरच्या दोन गजांना मधोमध किंचित बाक आहे. रंगारी तो सरळ करू पाहत होता. आक्कांनी करू दिला नाही. त्याला धरून तीन पिढ्यांची मुले उभी राहावयास शिकली होती.

हिरव्या रंगाचे नाव, क्रमांक, कोणत्या दुकानातून किती लिटर घेतला आणि किती हात दिले, हे अण्णांनी पाडव्याला नव्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले. खाली मुलाने मागच्या तीन खिडक्यांचा क्रमांक लिहिला. उरलेला पाव डबा घट्ट झाकून माळ्यावर, पुराच्या रेषेच्या वर ठेवला आहे.